मापाड्याची मांजर

उदगीरच्या मोंढ्यात अप्पांनी
एकतीस वर्षं तूर मोजली, सोयाबीन मोजलं,
करडई, हायब्रीड,
एकदा दोन भावांच्या वाटणीत भंगारातले खिळेसुद्धा.
काट्यापुढं माणूस बघायचा नाही, हा नेम.

घरी मात्र हात सैल.
पोत्याला सकाळी चहात बुडवून चार बिस्किटं,
दुपारी भाकर, लसणाच्या फोडणीच्या वरणात कुस्करून,
रात्री उरेल ते,
उरलं नाही तर स्वतःच्या ताटातलं.
हिंगी मांजरीला दूधभात.
दूधभात, दूधभात, सणाला दूधपोळी.

ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली
तेव्हा आम्ही म्हणालो, म्हातारी झाली.
पाच वर्षांची तर होती.

जनावरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टर, फरहीन.
तिनं हिंगीच्या डोळ्यांत बॅटरी मारली,
पोत्याच्या बरगड्या चाचपल्या, सापडल्या नाहीत.
"खायला काय देता?"
"आपुन खातो तेच की," अप्पा ताठ होऊन म्हणाले,
"आमच्या घरात भेदभाव न्हाई."
"काका, इथं करावा लागतो," ती म्हणाली.
कांदा-लसूण बंद, त्यानं कुत्र्याचं रक्त खराब होतं.
बिस्किटं बंद. भाकर अर्धी, सोबत उकडलेलं अंडं.
"आणि मांजर..."
ती थांबली.
अप्पांच्या सदऱ्याआडून लिंगाची चांदीची डबी दिसत होती.
मग हळू आवाजात:
"मांजर मांसावरच जगतं, काका.
गेली तेवढी नजर परत येईल असं नाही.
राहिली ती राहील."

दुकानात पाकिटं होती.
वर गुबगुबीत मांजर, मागं मुंगीएवढी अक्षरं.
अप्पांनी मला वाचायला लावली.
पहिलंच नाव मक्याचं.
"मका मी पोत्यांनी मोजलाय," अप्पा म्हणाले,
"मांजरीचं चित्र लावून मका विकतेत व्हय?"
दुसऱ्यावर पहिलं नाव कोंबडीचं होतं. किंमतही वाचली.
"हे खरं बोलतंय. पण लई महाग बोलतंय."

रात्री कुणी कुणाशी बोललं नाही.
फक्त आई, भांडी घासता घासता, भांड्यांनाच:
"माझ्या चुलीवर न्हाई."

सकाळी अप्पा डबी सदऱ्यात खोल सारून
स्टीलचा डबा घेऊन निघाले.
मी मागं होते. चिकनच्या दुकानापुढं
ते पाठ करून उभे राहिले, रस्त्याकडं तोंड,
रिक्षांना सांगितल्यासारखं म्हणाले,
"पावशेर. बिनहाडकाचं. अन् थोडं काळीज."
दुकानदार त्यांना ओळखत होता. सगळा मोंढाच ओळखतो.
"कुणासाठी, अप्पा?"
"घरच्यासाठी."
त्यानं पुढं काही विचारलं नाही.

परसात तीन विटा, जर्मनचं पातेलं,
चुकून घरात जाऊ नये म्हणून कडीला लाल दोरा.
मीठ नाही, हळद नाही, नुसतं पाणी,
आणि ते पाणीही ओतायचं नाही, डॉक्टरनं बजावलेलं,
मांजरीला लागतं ते त्यात उतरतं.
नाकाला उपरणं बांधून अप्पा काडेपेटी शोधत राहिले.
आईनं ती स्वयंपाकघराच्या दारातून फेकली.
नेमकी त्यांच्या पायाशी पडली.

मग जुना तागडी-काटा निघाला.
एका पारड्यात वजनं,
दुसऱ्यात केळीच्या पानाचा तुकडा,
त्यावर चिमट्यानं ठेवलेलं, निवलेलं मांस.
दांडी थरथरली, थांबली.
हिंगी वासाच्या मागं मागं आली,
वाटीला एकदा धडकली, मग जेवायला लागली.
असं जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं,
कानापासून शेपटापर्यंत.

मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
अप्पांच्या तोंडून, उपरण्याच्या आतून,
सवयीनं निघालं,
"लाभ."

पोत्या आपल्या अर्ध्या भाकरीपुढं बसलाय.
भाकरीकडं बघतो, काट्याकडं बघतो, मग माझ्याकडं:
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
ह्या माणसानं काटा मारलाय,
लिहून ठेव.